तारांखालचं परसू

रझियाचे कान चांगले होते आणि तेच शेवटी तिच्या अंगलट आलं.

तिचा नवरा जैनुद्दीन सौदीत तेलाच्या पाइपलाइनवर होता. दहा-अकरा वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून त्याचे दोन्ही कान गेले. डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे आणि उजव्याशी तोंड नेऊन ओरडलं तर निम्मंअर्धं कळे. चौऱ्याऐंशी साली तो पूर्णगडला कायमचा परत आला तेव्हा त्याच्या सामानात दोन ब्लँकेटं होती, एक टेपरेकॉर्डर होता आणि एक लांब खोका होता. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तो खोका उघडायला लावला. आत एक दांडा, दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी तबकडी, मध्ये बटणं असलेली पेटी आणि कानाला लावायची जाड भोंगळी. हे काय म्हणून विचारल्यावर जैनुद्दीन म्हणाला, "साहेब, जमिनीतला पाइप शोधायचं मशीन हाय."

"तुमच्या गावात पाइप आहेत?"

"नाय साहेब. नळपण नाय."

कस्टमवाला हसला आणि त्याने खोका सोडून दिला. खरी गोष्ट अशी होती की जैनुद्दीनच्या एका साहेबाला नोकरी सोडून मायदेशी जायचं होतं. सुट्टीच्या दिवशी तो साहेब या मशीनने वाळवंटात जुनी नाणी शोधत हिंडायचा आणि जैनुद्दीन त्याच्यामागून फावडं घेऊन चालायचा. जाताना साहेबाने मशीन त्याला देऊन टाकलं. त्याला वाटलं, आपलं पुढलं आयुष्य या काठीवर निघेल. जमिनीत कुठेही सोनं असलं की ती बोलणार. पण काठीचं बोलणं ऐकणार कोण, हे घरी येऊन मशीन जोडेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नाही.

भोंगळी कानाला लावून तो समुद्रावर तासभर हिंडला. मग ती काढून त्याने रझियापुढे धरली.

"मला काय येतंय ह्यातलं?" ती म्हणाली.

त्याला ते ऐकू आलं नाही. त्याने भोंगळी तिच्या डोक्यावर, पदरावरूनच चढवली.

अशी ती सुरुवात झाली. दांडा जैनुद्दीनच्या हातात, भोंगळी रझियाच्या कानांवर आणि दोघांच्या मध्ये एक काळी वायर. तो पुढे, ती त्याच्या उजव्या अंगाला अर्धं पाऊल मागे. आवाज आला की तिने त्याचा दंड दाबायचा. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या फातिमाची मासळी वाळवताना वाळूत पडलेली कानातली बाळी त्यांनी शोधून दिली आणि त्या बाळीने रझियाचं स्वास्थ्य संपवलं. फातिमाने ती गोष्ट साऱ्या मोहल्ल्यात सांगितली, मोहल्ल्यातून ती बाजारात गेली आणि तिथून एस.टी.त बसून आतल्या गावांत पोचली.

मग माणसं यायला लागली. कुणाची लावणीत चिखलात अंगठी गेलेली, कुणाच्या आजाने म्हणे हंडा पुरलेला, कुणाला स्वप्नात जागा दिसलेली. जैनुद्दीन कुणाला नाही म्हणत नसे. इतकी वर्षं परक्या मुलखात हुकूम ऐकलेला माणूस तो. आता लोक पडवीत येऊन आदबीने बसतात, चाचा म्हणतात, याचं त्याला अप्रूप होतं. रझियाला ते दिसत होतं, म्हणून ती काही बोलत नसे. तो नव्हता त्या वर्षांत तिने एकटीने घर शाकारलं होतं, सासूचं शेवटचं आजारपण काढलं होतं, मुलीचं लग्न लावलं होतं. तो आला की आपण जरा बूड टेकू, असं तिने मनाशी धरलं होतं. तर आता चाळिशी उलटल्यावर ती कातळावरून, शेतांच्या बांधांवरून, उन्हातून कानांवर ते ओझं घेऊन चालत होती.

आणि सापडायचं काय? खिळे, घोड्याचा नाल, पत्र्याचे डबे, मोडलेला नांगराचा फाळ. जांभ्याच्या तांबड्या जमिनीवर मशीन तसंही सतत गुरगुरत असे. वाळवंटात ते गप्प असायचं, असं जैनुद्दीन सांगे. इथल्या दगडात लोखंडच भरलेलं, त्याला काय करणार? त्या गुरगुरीतून वेगळा आवाज निवडून काढायचा म्हणजे गलबल्याच्या लग्नघरात पाळण्यातल्या पोराचं कण्हणं ओळखायचं. ते रझियाला जमत असे. पण खड्ड्यातून डबा निघाला की लोक जैनुद्दीनकडे बघत नसत, तिच्याकडे बघत. जणू तिनेच सोन्याचा पत्रा केला होता. घरी येऊन ती आडवी झाली तरी कानांत घूं घूं चालू राही.

शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर, भातं झोडून झाल्यावर, केरू आला. पावस गावाच्या आतल्या अंगाला खाडीच्या वरती त्याची वाडी. मुंबईत गिरणीत होता, संप झाला तेव्हापासून गावीच. पडवीच्या पायरीवर बसून त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चाचा, माझ्या आयशीने सोन्याची माळ पुरलीय. पुतळ्यांची. ती म्हणते पुरलीय."

"ती म्हणते म्हंजे?" रझियाने आतून विचारलं.

केरूने तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "खरं-खोटं तिलाच ठाव. आमी परसू चारदा खणलं. माझी बायको म्हणते, माळ बहिणीकडे गेली. सावर्ड्याला दिलीय बहीण. यमुना. आता सात-आठ वर्षं ती माहेरी आली नाय."

"का नाय आली?"

"मीच बोललो काय-काय." तो उठला. "आयशीचं डोकं आता चालत नाय धड. आज एक सांगते, उद्या दुसरं. तिची शुद्ध हाय तोवर एकदा कायते कळू दे."

रझियाला जायचं नव्हतं. तिने नवऱ्याला हाताने खूण केली की नको. त्याने खूण पाहिली आणि नजर वळवून केरूला म्हणाला, "येतो आमी बुधवारी."

केरूचं घर लहान, सारवलेलं, मागे लांबट परसू आणि परसाच्या कडेला जांभ्याच्या दगडांचा गडगा. गडग्यापलीकडे भागोजीची भातगिरण. हंगाम होता, गिरण सकाळपासून धडधडत होती आणि दारात बैलगाड्या लागल्या होत्या. गिरणीला जाणाऱ्या विजेच्या तारा केरूच्या परसावरूनच गेल्या होत्या. चार-पाच वर्षांपूर्वी वाडीत वीज आली ती अशी, परसाचे दोन भाग करत.

गोदूबाई पडवीत बसली होती. सुकलेली, बारीक, पण डोळे अजून तरतरीत. रझियाला तिने जवळ बोलावलं आणि तिचा हात हातात घेऊन ठेवला.

"कुनाची गो तू?"

"पूर्णगडची, आजी. सोनं शोधायला आलोय."

"मी सांगते ना तुला." आणि म्हातारीने सांगितलं. कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षाची गोष्ट. पहाटेची भुई हलली, भांडी फळीवरून पडली, गडगा ढासळला. सारी वाडी आठवडाभर खळ्यात झोपत होती. घर उघडं, नवरा मुंबईत, लेकरं लहान. तिने आईकडून आलेली माळ पितळेच्या गडूत घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि फणसाच्या मुळाशी पुरली. मग भाऊ आजारी म्हणून ती माहेरी गेली. उन्हाळ्यात नवरा आला. त्याने पडक्या घराच्या वाशांसाठी फणस तोडला, परसू सपाट केलं, गडगा नव्याने बांधला. ती परतली तर फणसच नाही.

"मी मनात धरलं, जागा मला ठाव हाय," गोदूबाई म्हणाली. "यमुनाच्या लग्नात खणलं तर नव्हतीच. मंग कुनी मानंना."

केरूची बायको मालन दारातून म्हणाली, "कसं मानतील? फणस कुटं व्हता तेपण चार जागी दाखवतात."

गोदूबाईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती रझियाचा हात दाबत होती. "तू तरी मान, बाय."

रझियाने मान हलवली. दुसरं काय करणार?

परसात जाऊन भोंगळी लावली मात्र, रझियाने ती झटकन काढली. कानात कुणी गरम तेल ओतावं तसा आवाज. जैनुद्दीनने पेटीवरचं बटण कमी केलं, तिने पुन्हा लावली. तबकडी जमिनीवर असो, हवेत असो, ते किंचाळणं थांबेना. काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी, पण थांबणं नाही. परसाच्या मधोमध तर असं की डोळ्यांत पाणी यावं. तिने नवऱ्याचा दंड दाबला, सोडला, पुन्हा दाबला. त्याला कळेना, हिला नेमकं सांगायचंय काय. पण केरूने तिचं तोंड पाहिलं आणि तिथेच कुदळ मारली.

"थांब रे," ती म्हणाली, "मला नक्की नाय."

तो थांबला नाही. दुपार टळेपर्यंत परसाच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणला गेला. निघाला दगड आणि एक गंजका कोयता. मालनने घमेलं उलटं करून त्यावर बूड टेकलं आणि मोठ्याने म्हणाली, "आता मशीनपण आयशीसारखंच बोलाय लागलं."

दुसऱ्या खेपेला जैनुद्दीनने नवे सेल घातले. तबकडी पुसली, जोड आवळले. आवाज तोच. रझिया चर ओलांडत, ठेचकाळत चालत राहिली. भाताचा कोंडा वाऱ्याने उडून नाकातोंडात जात होता. तिला वाटलं, मशीन बिघडलं. मग वाटलं, माझेच कान गेले, यांच्यासारखे. हे दुसरं मनात आल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला सुटल्यासारखंच वाटलं आणि त्याची तिला लाज वाटली.

परतीच्या एस.टी.त जैनुद्दीन खिडकीबाहेर बघत बसला होता. थोड्या वेळाने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा गरजेपेक्षा मोठ्याने तो म्हणाला, "तुला त्रास होतो, मला कळतं. पण त्या म्हातारीला टाकून कसं यायचं?"

गाडीतली माणसं वळून बघायला लागली. रझियाने पदर पुढे ओढला आणि झोपल्यासारखं केलं.

उलगडा झाला तो घरी, चुलीपाशी. सकाळची वेळ. फळीवर रेडिओ लागला होता, रत्नागिरी केंद्रावर बाजारभाव सांगत होते. रझिया भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात पलीकडची पिठाची चक्की सुरू झाली आणि रेडिओ खरखरायला लागला. रोजचंच ते. चक्की चालली की बातम्या ऐकायच्या नाहीत, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. रझियाने पिठाच्या हाताने रेडिओ बंद केला आणि हात तसाच बटणावर राहिला.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

तिने रेडिओ पुन्हा लावला. कान जवळ नेला. हाच तो. केरूच्या परसात जे किंचाळत होतं त्याच जातीचा आवाज, फक्त हा बारीक होता. आणि मग एकेक गोष्ट सरळ होत गेली. आजवर ती दोघं गेली ती एक तर समुद्रावर, नाही तर उघड्या माळावर, शेतात. तिथे ना खांब, ना तारा. केरूच्या परसात डोक्यावर तारा आणि शेजारी मोटर. चर खणला तो बरोबर तारांच्या खालून, जिथे आवाज सगळ्यात मोठा.

ती पडवीत गेली आणि जैनुद्दीनच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "ऐकलंत काय! सोनं नाय बोलत तितं! करंट बोलतो!"

त्याला ते तीनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा त्याने खोका जवळ ओढला. मग म्हणाला, "साहेब जनरेटर चालू असताना मशीन कधी काढत नव्हता. मी म्हटलं, त्याचा नेम असंल कायतरी. विचारलं नाय कधी." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "दोन दिवस मी तुझ्या कानांत ते घालत होतो."

रझियाने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. खरं तर तिला हे कुणाला सांगायचंच नव्हतं. मशीन बिघडलं म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. तिला निजायचं होतं, आणि कुणी काही ऐक म्हणू नये एवढंच हवं होतं. पण गोदूबाईच्या हाताची ती सुकी पकड मनगटावरून जाईना.

भागोजी गिरणवाला मनाने वाईट नव्हता, पण हंगामात गिरण बंद करा म्हणणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं. केरू, जैनुद्दीन आणि रझिया तिघंही त्याच्या दारात उभी राहिली. भागोजी कोंड्याने पांढराफटक झालेला. ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे माझी गिरण तुमच्या सोन्याच्या आड येते?"

"भात भरडून झालं की वायच थांबवा," रझिया म्हणाली. "जेवायला बसाल तेवढंच."

त्याने पट्टा उतरवला. मोटर थांबली. रझियाने भोंगळी लावली. किंचाळणं गेलं होतं, पण जाड, सलग गुणगुण राहिली होती. भुंग्याने खांब कोरावा तशी. मोटर बंद होती, पण तारांत वीज होतीच. त्या गुणगुणीखाली जमिनीचा काही आवाज लागेना. तिने भोंगळी काढून मान हलवली.

"आता काय गावची लाइट बंद करायची?" मालनने विचारलं.

"व्हय," रझिया म्हणाली.

मालनला हसू फुटलं, पण केरू हसला नाही. त्याने खणलेल्या चराकडे पाहिलं आणि सायकल काढून वायरमन काशीरामकडे गेला. काशीराम लांबचा नातलग लागत होता. तो म्हणाला, उगाच कुणासाठी लाइन बंद करता येत नाही. पण डीपीजवळच्या फांद्या तोडायच्या आहेत, त्यासाठी सोमवारी सकाळी बंद ठेवणारच आहे. तेवढ्यात काय ते उरका.

सोमवारी भागोजीची गिरण थांबली, दूरवर कुणाचा तरी पाण्याचा पंप थांबला. इतके दिवस त्या आवाजांची सवय झालेली वाडी एकदम उघडी पडल्यासारखी वाटली. कोंबड्यांचं खुरडणं ऐकू यायला लागलं. काशीरामच्या माणसांची कोयती लांबून टकटकत होती.

रझियाने भोंगळी लावली आणि डोळे मिटले. काहीच नाही. मग हळूहळू, सवयीची ती गुरगूर, जांभ्याची. इतक्या गोंगाटानंतर तिला ती बरी वाटली. दोघांनी तबकडी फिरवत परसू पालथं घातलं. चर, चराच्या अल्याडपल्याड, विहिरीची वाट, गोठ्यामागचा उकिरडा. एक खिळा. एक बैलाच्या गळ्यातली घंटा. गोदूबाई मागच्या दारात पोत्यावर बसून बघत होती. ती म्हणत होती, "फणसाखाली बग गो, फणसाखाली," आणि दर वेळी बोट वेगळीकडे दाखवत होती.

रझियाचे पाय भरून आले. अजून किती वेळ वीज नसेल, कुणास ठाऊक. तिने नवऱ्याला थांबवलं आणि टेकावं म्हणून गडग्याच्या दगडाला पाठ लावली. जैनुद्दीनही थकला होता. त्याने दांडा खाली टेकवला, तबकडी गडग्याला लागून पडली.

आवाज आला. खणखणीत, वाटोळा, कडा नसलेला. गुरगुरीतून तो पाण्यावर तेलाचा थेंब यावा तसा वर आला.

तिने नवऱ्याचा दंड इतका जोरात दाबला की तो कळवळला. तबकडी सरकवली, आवाज गेला. परत आणली, आला. गडग्याच्या पायाखाली.

"केरू," ती म्हणाली, "आजीला विचार, भूकंपाआधी गडगा हितंच व्हता?"

केरूने विचारलं. गोदूबाई विचारात पडली. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाय रे. गडगा त्या अंगाला व्हता. तुझ्या बापाशीने अलीकडे घेतला."

केरू दगड उचलायला लागला. भागोजी गिरण बंद म्हणून दारात विडी ओढत उभा होता. त्याने विडी टाकली आणि पलीकडून तोही दगड काढू लागला. पाया मोकळा झाला, मग पहार, मग हातांनी. हातभर खाली पितळ लागलं. गडू चेपला होता, हिरवा पडला होता. फडकं कधीच मातीत गेलं होतं. केरूने तो उलटा केला आणि मातीच्या ढेकळाबरोबर माळ बाहेर आली. दोरा कुजलेला, पुतळ्या सुट्या झालेल्या, पण सोनं ते सोनंच. त्याला काही झालं नव्हतं.

केरू मातीत मांडी घालून बसला आणि त्या पुतळ्या ओंजळीत धरून राहिला. मग उठून आईपाशी गेला, तिच्या ओच्यात त्याने त्या ओतल्या.

गोदूबाईने एक पुतळी उचलली, पदराला पुसली. "मी खोटं नव्हते बोलत रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "सांगत व्हते ना मी."

"व्हय आये."

"मंग आता मला पडू दे वायच." आणि पुतळ्या तिथेच पोत्यावर ठेवून ती भिंतीला धरत आत गेली. थोड्या वेळाने रझियाने डोकावून पाहिलं तर म्हातारी भुईवरच कुशीला झोपली होती, तोंड उघडं, लहान पोरासारखी.

मालन पुतळ्या गोळा करत होती. गोळा करता करता ती म्हणाली, "माळेसंगं हातातले गोठपण व्हते म्हणे. रुप्याचे का सोन्याचे, कोण जाणे. भाभी, लाइट यायच्या आत वायच आणखी बगा ना."

रझियाने भोंगळी गळ्यात घेतली होती. तिने मालनकडे पाहिलं आणि तिला मालनचाही राग आला नाही. लग्न होऊन आल्यापासून तिच्या अंगावर गुंजभर सोनं चढलं नव्हतं. तिने तरी दुसरं काय बोलावं?

"पुरे झालं," केरू म्हणाला. "गोठ नाय, नि काय नाय."

"मी आपलं म्हटलं—"

"मालन, पुरे झालं गो." तो ओरडला नाही, पण ती गप्प झाली. केरू गडग्याच्या खड्ड्याकडे बघत होता. "ती माझ्या पाया पडली व्हती," तो म्हणाला. कोण, ते त्याने सांगितलं नाही. "मुलांची शपथ घेतली व्हती तिने. मी तिला हितूनच, ह्याच दारातून, जा म्हटलं."

जैनुद्दीनला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो मशीन सुटं करून खोक्यात भरत होता आणि आनंदाने सगळ्यांकडे बघून हसत होता.

त्यानंतर रझियाने भोंगळी लावली नाही. भांडण करून नव्हे. पुढचा माणूस आला तेव्हा ती आतून बाहेरच आली नाही, एवढंच. जैनुद्दीनने दोनदा हाक मारली. मग तो आत येऊन तिच्यापाशी बसला. तिने त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "मी दमले." तिला वाटलं होतं, एवढं आयुष्य काढल्यावर हा शब्द उच्चारायला कठीण जाईल. तसं काही झालं नाही. जैनुद्दीन उठला. मग बाहेर जाऊन त्या माणसाला म्हणाला, मशीन बंद पडलंय. काही दिवस तो खट्टू होता, पडवीत एकटाच बसे. पुढे बंदरावर होड्यांच्या लाकडाला तेल लावायच्या कामात त्याचा जीव रमला. तिथे ऐकू यावं लागत नव्हतं.

केरू सावर्ड्याला गेला, हे त्यांना बाजारात कळलं. पहिल्यांदा गेला तेव्हा यमुना त्याच्याशी बोलली नाही म्हणे. पाणी दिलं आणि आत निघून गेली. तो परत आला, पुन्हा गेला. शिमग्याच्या आसपास कधीतरी ती माहेरी आली.

आणि चैत्रात एक दिवस, उन्हं चढलेली असताना, एक परकी बाई मोहल्ल्यात पत्ता विचारत रझियाच्या दारी आली. तिशीची, उंच, हातात कापडी पिशवी. केरूसारखेच जाड ओठ. पायरीवर चपला काढताना तिने सांगितलं, "मी यमुना. सावर्ड्याची."

रझियाने तिला बसवलं. पिशवीतून काजूगर निघाले, ओले.

"आजी कशी हाय?" रझियाने विचारलं.

"हाय. मला ओळखलं नाय तिने." यमुना हे शांतपणे म्हणाली, खूपदा सांगून झाल्यासारखं. "कुनाची गो तू, म्हणाली. सांगितलं तरी इसरते. पण माळ घालून बसते. दादाने नवी ओवून दिली. चुलीपाशीसुदा काढत नाय."

"तुला दिली नाय?"

"दादा देत व्हता. म्हटलं, तिच्याच गळ्यात राहू दे. काय करू मी घेऊन?" तिने पदराने मान पुसली. "वहिनी बोलली काय-काय, मी बोलले नाय. दादा रडला. मला रडू आलं नाय, भाभी. मला वाटत व्हतं, ह्या दिवशी मी किती रडेन. आणि बगत बसले नुसती."

रझिया उठली. आत जाऊन तिने तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सार वाढून आणलं. यमुना क्षणभर ताटाकडे बघत राहिली आणि मग जेवली. मान खाली घालून, सगळं, शेवटच्या घासापर्यंत. सावर्ड्याहून पहाटे निघाली होती ती, पोटात काही नव्हतं.

परतीच्या गाडीला वेळ होता तरी दोघी निघाल्या. उन्हात वर चढून फाट्यावर आल्या. गाडी आली नव्हती. वडाखाली दोन दगड होते, त्यांवर बसल्या. खाली समुद्र पांढरा दिसत होता, किल्ल्याच्या भिंतीवर बकऱ्या चढल्या होत्या. यमुनाने पिशवी मांडीवर घेतली, मागे खोडाला डोकं टेकलं आणि बघता बघता तिचा डोळा लागला. रझियाने तिच्या तोंडावर येणाऱ्या उन्हाच्या आड आपला पदर धरला आणि गाडी यायची वाट बघत बसून राहिली.